घोड्यांचा हिशोब लागतो, माधवीचा का नाही? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी माधवीवर कादंबरी लिहितेय. हे कळल्यापासून नातेवाईक, जुने ऑफिसवाले, वाचनकट्ट्यावरच्या मैत्रिणी, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी तीच तीच उत्तरं देते, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं टाईप करून टाकावं. उत्तरं लांबलीयेत, सांभाळून घ्या.

ही माधवी कोण? नावच ऐकलं नाहीये.

ऐकलं नसेलच. महाभारताच्या उद्योगपर्वात येते, ययाती राजाची मुलगी. थोडक्यात सांगते (होणार नाहीये थोडक्यात, तरी).

विश्वामित्रांचा गालव नावाचा शिष्य. शिक्षण संपलं, गुरू म्हणाले मी खूश आहे, जा आता, काही नको मला. हा म्हणतो नाही नाही, दक्षिणा सांगाच. गुरू नको म्हणतायत आणि हा सांगा सांगा करतोय, शेवटी विश्वामित्र वैतागले आणि म्हणाले, चंद्रासारखे पांढरेशुभ्र आणि एकच कान काळा असलेले ८०० घोडे आण, जा, उशीर लावू नकोस. आता आली का पंचाईत. गालव पार खचला. मग त्याचा मित्र गरुड त्याला घेऊन फिरत फिरत ययातीकडे आला. ययातीकडे घोडे नव्हते, पैसाही पहिल्यासारखा राहिला नव्हता, पण दारी आलेल्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून त्याने मुलगी दिली. वर म्हणाला की हिच्यासाठी राजे अख्खं राज्य देतील, ८०० घोडे काय घेऊन बसलात.

मग गालव तिला घेऊन अयोध्येला हर्यश्वाकडे गेला. त्याच्याकडे तसले घोडे २००च. त्या २०० घोड्यांच्या बदल्यात माधवी त्याच्याकडे राहिली, मुलगा झाला, वसुमना. मुलगा तिथेच ठेवून ती गालवाबरोबर काशीला, दिवोदासाकडे, परत २०० घोडे, मुलगा प्रतर्दन. मग भोजनगरात उशीनराकडे, परत २००, मुलगा शिबी. झाले ६००. उरलेले २०० मिळेनात तेव्हा गालवाने ६०० घोडे आणि माधवी असं दोन्ही विश्वामित्रांसमोर नेऊन उभं केलं की हिच्यापासून तुम्हाला एक मुलगा होऊ दे आणि ते २०० फिटले असं समजा. विश्वामित्रांनी ते मान्य केलं. मुलगा झाला, अष्टक.

यावर विश्वामित्र गालवाला काय म्हणाले असतील? "हिला आधीच का नाही रे आणलंस माझ्याकडे, चारही मुलगे माझेच झाले असते." हे मी रचलेलं नाहीये, मुळात आहे.

ययाती म्हणजे तोच का, मुलाचं तारुण्य मागून घेणारा?

हो तोच. आपल्याकडे ययाती म्हटलं की सगळ्यांना खांडेकर आठवतात, त्यामुळे देवयानी-शर्मिष्ठा पाठ असतात आणि मुलांमधला पुरूही माहीत असतो. मुलगी होती हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात जशी काही मीच जन्माला घातली. मुलाचं तारुण्य घेतलं, मुलीचं दिलं, असं मी एकदा बोलता बोलता म्हणून गेले आणि मग तेच वाक्य कादंबरीत एका दासीच्या तोंडी घातलं.

हे मूळ महाभारतात आहे की मागाहून कोणी घुसडलंय?

हा प्रश्न बहुतेक पुरुष मंडळींकडून येतो, का कोण जाणे. आहे, चिकित्सक आवृत्तीतही आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये काम सुरू करून १९६६ मध्ये संपवलं ती आवृत्ती, १२५९ हस्तलिखितं ताडून बघितलीयेत त्यात. उद्योगपर्वाचं संपादन सुशील कुमार डे यांचं, १९४० चं. तिथे हे आख्यान अध्याय १०४ ते १२१ असं सलग येतं, प्रचलित प्रतींमध्ये दोन आकडे पुढे, १०६ ते १२३. म्हणजे चांगले अठरा अध्याय! अठरा अध्याय असूनही आपल्याला माहीत नाही, तर कोणी लपवून ठेवलेलं नाहीये हो, आपणच पान उलटतो.

चिकित्सक आवृत्तीत आहे म्हणजे हे "घडलं" असं मात्र मी कधीच म्हणत नाही. एवढंच की गोष्ट जुनी आहे आणि सगळीकडच्या प्रतींमधून आलेली आहे.

आणि एक गंमत सांगते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १७९ वं सूक्त आहे, तीनच ऋचांचं. त्याचे ऋषी म्हणून परंपरा तीन नावं देते, शिबी औशीनर, प्रतर्दन काशिराज आणि वसुमना. त्याच मंडलातलं १०४ वं सूक्त अष्टक वैश्वामित्राचं. म्हणजे माधवीची चारही मुलं ऋग्वेदाच्या यादीत बसलीयेत, नावापुढे बापाचं नाव नाहीतर गाव लावून. आई कुठेच नाही. (वसुमनाच्या बापाचं नाव तिथे हर्यश्वाऐवजी रोहिदश्व असं पडतं, पण दोन्ही नावांत अश्व आहेच. मला रात्री दोन वाजता हे दिसलं आणि मग झोप नाही.)

ही गोष्ट महाभारतात येतेच कशाला? कौरव-पांडवांचा काय संबंध?

कृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरात आलेला असतो. दुर्योधन ऐकत नाही म्हणून एकेक जण त्याला गोष्टी सांगतो, परशुराम सांगतात, कण्व सांगतात आणि नारद सांगतात ती ही. तात्पर्य काय, तर हट्ट करू नये, गालवाने हट्ट केला म्हणून त्याला केवढा त्रास झाला बघ.

गालवाला त्रास झाला! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. आणि नारद हे कुठे सांगतायत, तर ज्या घराण्याच्या दरबारात थोड्याच वर्षांपूर्वी द्रौपदीला पणाला लावलं होतं तिथे. ऐकणाऱ्यांपैकी एकालाही काही आठवलं नसेल? माझी कादंबरी तिथूनच सुरू होते. दरबारात पंखा घालणारी एक दासी ही गोष्ट ऐकतेय, तिला मधलं काय काय गाळलंय ते कळतंय. ही दासी माझी, मुळात नाही.

घोड्यांचं एवढं काय? तुम्ही सारखं घोडे घोडे करता.

मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलंय. ताळा जुळत नाही तोपर्यंत घरी जायचं नाही ही सवय. तर या गोष्टीत घोड्यांचा ताळा पूर्ण लागतो, अगदी पैशापर्यंत, बघा.

मुळात असे घोडे होते १०००. गाधी राजाकडे ऋचीक ऋषी मुलगी मागायला आले तेव्हा गाधीने सत्यवतीसाठी शुल्क सांगितलं, एक कान काळा असलेले १००० पांढरे घोडे. ऋचीकाने ते वरुणाकडून आणून दिले. गाधीने यज्ञ करून ते ब्राह्मणांना दान केले. त्यांच्याकडून तीन राजांनी दोनदोनशे विकत घेतले, झाले ६००. उरलेले ४०० नेताना वितस्ता नदीच्या (म्हणजे आजची झेलम) पाण्यात वाहून गेले. हे सगळं गरुड गालवाला सांगतो, कधी, तर तीन मुलं होऊन गेल्यावर. आधी सांगायला काय झालं होतं?

आता गाधी कोण? विश्वामित्रांचे वडील. म्हणजे ती सत्यवती विश्वामित्रांची सख्खी बहीण. (शंतनूची सत्यवती वेगळी, गोंधळू नका.) म्हणजे बहिणीच्या लग्नात शुल्क म्हणून घरात आलेले घोडे विश्वामित्र परत मागतायत आणि ते घोडे एका दुसऱ्या मुलीच्या बदल्यात परत येतायत. मुळात हा धागा कोणी जोडून दाखवत नाही, पण सगळी माहिती तिथेच पडलीये, दोनाला दोन मिळवायचा अवकाश. पुढे विश्वामित्र ते घोडे देतात कोणाला, तर अष्टकाला. माधवीच्याच मुलाला. त्या पोराच्या पागेत आईची किंमत दाणावैरण खात उभी होती असं माझ्या एका प्रकरणात वाक्य आहे, ते ठेवायचं की काढायचं यावर अजून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.

तर घोड्यांचा रंग माहीत, कान माहीत, आकडा माहीत, कुठून आले, कोणी विकले, कुठल्या नदीत बुडाले, शेवटी कोणाकडे गेले, सगळं माहीत. माधवीची आई कोण हेसुद्धा या आख्यानात नाही. तिचं वय नाही. मी काय करतेय विचाराल तर एवढंच, घोड्यांचं जेवढं लिहून ठेवलंय तेवढं तरी तिचं लिहावं.

पण ती योजना माधवीनेच मांडली ना? मग अन्याय कसला?

बरोबर पकडलंत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो.

हर्यश्वाच्या दरबारात प्रसंग असा आहे. राजा माधवीला आधी नीट निरखतो, सहा जागी उन्नत, सात जागी नाजूक, तीन जागी खोल, पाच जागी लालसर, अशी अवयवांची मोजणी होते (घोडेबाजारात दात मोजतात तसं). मग म्हणतो घोडे माझ्याकडे २००च आहेत, एकच मुलगा होऊ दे. गालव हबकतो. आणि तेव्हा माधवी बोलते. म्हणते मला एका ब्रह्मवादीने वर दिलाय, "प्रसूत्यन्ते प्रसूत्यन्ते कन्यैव त्वं भविष्यसि", प्रत्येक बाळंतपणानंतर तू पुन्हा कन्याच होशील. तेव्हा तुम्ही घोडे घेऊन मला या राजाला द्या, असे चार राजे करा, तुमचे ८०० होतील आणि मला चार मुलगे.

म्हणजे हिशोब तिने केला. गालवाला सुचलं नव्हतं, ययातीला तर नाहीच.

याचे तीन-चार अर्थ मी लिहून बघितले. एक, ती मनापासून म्हणाली, बापाने दिलेला शब्द मोडू नये म्हणून. दोन, एका राजाकडे जन्मभर अडकण्यापेक्षा चार ठिकाणी वर्षवर्षभर राहून सुटलेलं बरं, असं तिला वाटलं. तीन, हे वाक्य तिचं नव्हेच, पुढे गोष्ट सांगणाऱ्याने गालवाला दोष लागू नये म्हणून तिच्या तोंडी घातलं. तिसरा अर्थ मला फार सोयीचा वाटला म्हणूनच मी तो टाकून दिला. तिचं बोलणं इतकं थोडं आहे सगळ्यात, त्यातलं हेही मी हिसकावून घ्यायचं?

तर माझ्या कादंबरीत ती हे बोलते, तिच्याच आवाजात, शांतपणे. विकली तर जाणारच आहे, निदान व्यवहार कसा होईल ते मी सांगेन, असं. ऑफिसात अशा बायका खूप बघितल्यात मी, ट्रान्सफर टळत नाही म्हटल्यावर निदान कुठली शाखा ते स्वतः सांगणाऱ्या. तुलना लहान आहे, माहितीये मला, पण मला माधवी तिथून कळली.

ते पुन्हा कन्या होण्याचं कसं दाखवणार? चमत्कार म्हणून?

चमत्कार आहेच गोष्टीत, गरुड बोलतोय की, त्यापुढे हे काय. मी तो काढून टाकणार नाही. आणि तो फक्त माधवीला नाहीये, पराशरांनी मत्स्यगंधेला तसं सांगितलं, सूर्याने कुंतीला, द्रौपदीबद्दलही तसं येतं. महाभारताला ही सोय बरीच लागते.

मला फक्त एवढंच दिसतं की हा वर पुढच्या नवऱ्यासाठी आहे. ३१ मार्चला खाती बंद करून १ एप्रिलला नवीन वही, ओपनिंग बॅलन्स शून्य. शरीर कोरं झालं असेल, मान्य. पोटावरच्या खुणा गेल्या असतील. पण त्या बाळाचा वास? डोक्यात जो आवाज बसलेला असतो रडण्याचा तो? वरात याबद्दल काही म्हटलेलं नाही, तिथे मी लिहू शकते.

किती वर्षं चाललं हे सगळं?

मुळात वर्षं मोजलेली नाहीत. मी कागदावर मांडलं तर चार बाळंतपणं, म्हणजे नुसते नऊ-नऊ महिने धरले तरी तीन वर्षं, वर प्रवास. अयोध्या ते काशी आज रस्त्याने २०० किलोमीटरच्या आसपास. बाळंतीण बाई रथात बसून हे अंतर काटणार. गालव येऊन म्हणतो मुलगा झाला, चला आता पुढच्या राजाकडे, घोडे तेवढे ठेव म्हणून इथेच राहू देत, मागाहून नेतो. घोडे मागे राहतात, मूल मागे राहतं, ती पुढे.

दुधाचं काय झालं असेल हा प्रश्न मी एका मोठ्या अभ्यासकांना एका कार्यक्रमानंतर विचारला तर ते हसले. माझ्या शेजारी उभ्या होत्या त्या काकू नाही हसल्या. काकूंनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की त्यांचं मूल गेलं होतं आठव्या दिवशी आणि छातीला कापड घट्ट बांधून बसवायचे तेव्हा, तरी पदर भिजायचाच. ते कापड आता माझ्या काशीच्या वाटेच्या प्रकरणात आहे. काकूंना विचारून घेतलंय.

गालव व्हिलन आहे का? त्या दोघांत काही होतं का?

व्हिलन केला की गोष्ट सोपी होते, आणि मग वाईट होते. तो चांगला मुलगा आहे. विश्वामित्र जेव्हा डोक्यावर अन्न घेऊन शंभर वर्षं उभे होते तेव्हा यानेच त्यांची सेवा केली. चांगला, कामसू, शब्दाला जागणारा, आणि आपल्या शब्दाची किंमत कोण भरतंय इकडे न बघणारा. असे तर घराघरात आहेत.

प्रेमाबद्दल म्हणाल तर लोकांना फार हवं असतं ते. मुळात काहीच नाही. सगळं झाल्यावर तो तिला म्हणतो तू तुझ्या बापाला तारलंस, चार राजांना तारलंस, मलाही तारलंस, आणि तिला बापाकडे परत सोडून वनात निघून जातो. मी दोघांमध्ये मैलोन्‌मैल रथातली शांतता ठेवलीये, बास.

याच आख्यानात शांडिली नावाची एक तपस्विनी आहे, ती मात्र जरूर वाचा. गरुड आणि गालव ऋषभ पर्वतावर तिच्याकडे मुक्काम करतात, गरुडाच्या मनात येतं हिला उचलून देवांकडे न्यावं, नुसतं मनात येतं हां, आणि सकाळी उठून बघतो तर पंख गळून पडलेले! माफी मागितल्यावर परत येतात. त्याच गोष्टीत पुढे माधवीला इकडून तिकडे नेतात तेव्हा कोणाचं एक पीसही गळत नाही. दोन्ही एकाच गोष्टीत ठेवणाऱ्याला काही म्हणायचं होतं की नाही, मला वाटतं होतं.

काळ कुठला धरलाय? कपडे, जेवण वगैरे?

गोष्टीला सनावळी नाही, त्यामुळे मी एक काळ निवडला. १९५०-५२ मध्ये बी. बी. लाल यांनी हस्तिनापूरला उत्खनन केलं, तिथे करड्या रंगाची, काळी नक्षी काढलेली पातळ सुबक भांडी मिळाली, घरं कुडाची आणि मातीची. तो थर मी डोळ्यांसमोर ठेवला. म्हणजे माझ्या अयोध्येत संगमरवरी खांब नाहीत, सिरीयलसारखे झुंबरं-पडदे नाहीत. एका ओळखीच्या मुलाने कव्हरसाठी चित्र काढून दिलं त्यात माधवी नऊवारीत आणि नाकात नथ! गोड होतं चित्र, पण नाही.

घोड्यावर बसणाऱ्याला रिकीब नाही. जेवणात तांदूळ, जव, दूध, तूप, मध. मिरची नाही. आणि सगळ्यात मोठा घोळ उपवासाचा झाला. शेवटी ती वनात उपवास करते असं मुळात आहे, आणि मी पहिल्या खर्ड्यात, हसू नका, तिला शेंगदाणे खायला घातले होते. शेंगदाणा, बटाटा, साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, सगळं अमेरिकेतून आलेलं, पोर्तुगीजांच्या नंतरचं. आपल्या उपवासाच्या ताटातलं निम्मं माधवीने बघितलेलंही नाही.

भाषा कशी आहे? "हे नाथ, हे आर्यपुत्र" असं?

नाही हो. एका प्रकरणात केलं होतं, नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला नाटक कंपनी काढतेस का. दासी साध्या बोलतात, राजे थोडं तोलून बोलतात, माधवी कमी बोलते.

लोकांच्या भावना दुखावतील अशी भीती नाही वाटत?

थोडी वाटते, खोटं कशाला बोलू. पण मी मुळातलं एकही वाक्य बदललेलं नाही, जिथे मूळ गप्प आहे तिथेच लिहिलंय. आणि आपल्याकडे हे नवीन आहे का? जात्यावर बसणाऱ्या बायकांनी सीतेचा वनवास गायलाय तो ऐका एकदा. राम सीतेच्या तोलाचा नाही असं त्या सरळ म्हणतात, आणि पहाटे म्हणतात, सासू-सासरे घरात असताना, आणि दिवसभर रामाचं नावही घेतातच. त्यांना कोणी विचारलं नाही भावनांचं. आजीला माझ्या चाळीसेक ओव्या येत होत्या, मी एकही लिहून घेतली नाही, बसा आता.

फक्त माधवीच का? बाकीच्या बायका?

एक झेपत नाहीये अजून! पण कोणाला लिहायचं असेल तर विषयांना तोटा नाही. छांदोग्य उपनिषदातली जबाला, मुलगा गोत्र विचारतो तर म्हणते तरुणपणी खूप ठिकाणी सेवाचाकरी करत फिरले, मला नाही माहीत, माझं नाव सांग. बृहदारण्यक उपनिषदातली गार्गी, जिला याज्ञवल्क्य म्हणतात फार विचारू नकोस डोकं गळून पडेल, आणि ती थोड्या वेळाने परत उभी राहून विचारतेच. ऋग्वेदातली विश्पला, पाय तुटला म्हणून अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवला, एवढं दोन-चार ऋचांत येतं आणि बाई गायब.

बायबलमध्येही बघा. शास्ते पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात इफ्ताहाची मुलगी आहे, बापाने नवस बोलला की जिंकून आलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करेन, आणि डफ वाजवत नाचत ही आली. तिने फक्त दोन महिने मागितले, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडायला. तिचं नावच नाहीये पूर्ण बायबलमध्ये. बापाचा शब्द आणि मुलीने भरणं, ओळखीचं वाटलं ना? पंडिता रमाबाई, ज्या लहानपणी आईवडिलांबरोबर गावोगाव पुराणं सांगत फिरल्या, त्यांनीच पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, छापून आलं १९२४ ला, त्या गेल्यानंतर. दोन्हीकडच्या या मुली त्यांच्या हाताखालून गेल्या असणार. त्यावरही कोणीतरी लिहा.

आणि शाळेत शिबी राजाचा धडा असायचा, कबुतरासाठी मांडीचं मांस कापून तराजूत घालणारा. हाच तो, माधवीचा तिसरा. त्याची आई आधीच तराजूत घातली गेली होती, हे धड्यात नव्हतं.

मलाही असं लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

मूळ वाचा, व्हॉट्सॲप फॉरवर्ड नको. संस्कृत येत नसेल तर गीता प्रेसच्या हिंदी खंडांत वर श्लोक खाली अर्थ असतो, चिपळूणकर मंडळींचं जुनं मराठी भाषांतरही वाचनालयात सापडतं. मग एक वही घ्या, डाव्या पानावर मूळ जे जे सांगतं ते, उजव्या पानावर जे सांगत नाही ते. लिहायचं फक्त उजव्या पानावरचं. डाव्या पानावर खाडाखोड करायची नाही. माझा एवढा एकच नियम आहे आणि तो मी दोनदा मोडून दोन्ही वेळा तोंडावर आपटलेय.

ती बंड का करत नाही? आजच्या मुलींनी यातून काय घ्यायचं?

काय घ्यायचं ते मुली ठरवतील. आणि बंड करत नाही कोण म्हणालं?

शेवटी ययाती तिचं स्वयंवर मांडतो, गंगा-यमुनेच्या संगमावर. यदू आणि पुरू हे भाऊ तिला रथात बसवून, माळ देऊन आणतात. राजे आलेत, गंधर्व आलेत, नाग, यक्ष, सगळी गर्दी. आणि श्लोक म्हणतो, "वरानुत्क्रम्य सर्वांस्तान् वनं वृतवती वरम्". सगळे वर ओलांडून तिने वनाला वर म्हणून वरलं. रथातून उतरली, नातेवाईकांना नमस्कार केला आणि चालायला लागली. हरणांसारखी राहिली, कोवळं गवत खाल्लं, झऱ्याचं पाणी प्यायली, मृगचारिणी. भाषण नाही, शाप नाही, कोणाला दोन शब्द सुनावणं नाही. एका संपादकांनी सुचवलं की इथे तिचं जोरदार स्वगत टाका, वाचकांना आवडेल. मी चार दिवस प्रयत्न केला. "वनं वृतवती वरम्" च्या पुढे माझं एकही वाक्य उभं राहीना, म्हणून आता तिथे फक्त माळ आहे. झाडाला घातलेली नाही, जमिनीवर ठेवलेली.

मग शेवट काय? कधी येतंय पुस्तक?

शेवटच्या प्रकरणावर अडलंय. प्रसंग असा आहे की ययाती स्वर्गातून खाली पडतो, गर्वामुळे पुण्य संपतं त्याचं. पडतो कुठे, तर नैमिषारण्यात चार राजे वाजपेय यज्ञ करतायत त्यांच्या मधोमध. वसुमना, प्रतर्दन, शिबी, अष्टक. ते पुण्य देऊ करतात, हा म्हणतो मी क्षत्रिय, दान घेणार नाही. तेवढ्यात वनातून माधवी येते. मुलं नमस्कार करून म्हणतात, काय आज्ञा, आम्ही सगळी तुझीच मुलं. ती त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवते आणि मग बापाकडे वळून म्हणते, हे परके नाहीत, तुमचे नातू. आणि मी तुमची मुलगी, माधवी, मृगचारिणी.

स्वतःच्या बापाला तिला स्वतःचं नाव सांगावं लागतं.

मग म्हणते मी साठवलेल्या पुण्यातलं अर्धं घ्या. अर्धं! गालवही येतो आणि आपला आठवा हिस्सा देतो. ययाती सगळं घेऊन परत वर जातो. तिचं उरलेलं अर्धं तिच्याकडेच राहिलं असणार, अख्ख्या गोष्टीत तिच्या नावावर पडलेली ही एकच नोंद.

पण माझं घोडं अडलंय वेगळ्याच ठिकाणी. चारही मुलांना ती जन्मल्या जन्मल्या सोडून गेलेली. मग वनातून आलेली, गवत खाऊन हलकी झालेली ही बाई आपली आई आहे हे त्यांना कळलं कसं? मूळ काहीच सांगत नाही, म्हणजे उजव्या पानावरचं काम, माझंच. वासाने म्हणून लिहून बघितलं, पटलं नाही. दायांनी सांगितलेल्या खुणेवरून म्हणून बघितलं, सिनेमा झाला. सध्या असं आहे की ओळखत कोणीच नाही, शिबीचा हात तेवढा आपोआप नमस्काराला जातो आणि त्याचं बघून बाकीच्यांचे. पुढच्या आठवड्यात काकूंना वाचून दाखवणार आहे, त्या काय म्हणतात बघू.